‘मावशी’ हे पद नव्हे : वृद्धनिवासांची कर्मचारी-वार्ता आणि जात

वृद्धाश्रम म्हणा, ज्येष्ठ नागरिक निवास म्हणा, की नव्या जाहिरातींतले ‘सीनियर लिव्हिंग’ म्हणा. बहुतेक ठिकाणांहून दर महिन्या-दोन महिन्यांनी एक पत्रक निघते. कुठे ते फलकावर लागते, कुठे नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर येते. त्यात एक कोपरा कर्मचाऱ्यांचा असतो. नवे व्यवस्थापक रुजू झाले, त्यांचे नाव, शिक्षण, अनुभव. फिजिओथेरपिस्ट मॅडमचे लग्न ठरले, अभिनंदन. मुख्य सिस्टरांच्या सेवेला दहा वर्षे पूर्ण, शाल-श्रीफळ देऊन सत्कार. आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली तर, एक ओळ : चार नवीन मावशी आणि दोन मामा आपल्या परिवारात दाखल झाले.

हा लेख त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे.

ज्यांना एका ओळीत, संख्येने उरकले त्या चार मावशी आणि दोन मामा म्हणजेच तो निवास आहे. सकाळी म्हाताऱ्या माणसाला उठवून बसवणे, तोंड धुवून देणे, आंघोळ घालणे, डायपर बदलणे, भरवणे, अंथरुणाला खिळलेल्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, रात्री तीन वाजता ‘घरी जायचंय’ म्हणून दाराशी गेलेल्या आजींना समजावून परत आणणे, हे सगळे त्या करतात. व्यवस्थापक आठ दिवस रजेवर गेला तर निवास चालतो. मावशी एक दिवस आली नाही तर चालत नाही. आणि पत्रकात नाव व्यवस्थापकाचे असते, मावशीचे नसते. हा छपाईतला योगायोग नाही. कोणाचे काम मोजायचे आणि कोणाचे गृहीत धरायचे, हे या देशात फार पूर्वी ठरले आहे. त्याच नियमाने हे पत्रकही निघते.

नाव नेमके कुठे लागते?

तिचे नाव कुठेच नसते असे नाही. कामावर ठेवताना पोलीस पडताळणीचा फॉर्म भरून घेतात, त्यावर ते असते. आधार कार्डाच्या झेरॉक्सवर असते. एखाद्या खोलीतून अंगठी हरवली किंवा एखादे आजोबा बाथरूममध्ये पडले, तर तक्रारीत पहिले नाव तिचेच असते. म्हणजे संशय घ्यायचा असला की ती पूर्ण नावाची नागरिक, आणि कौतुक करायचे असले की नुसती ‘मावशी’.

काही जण म्हणतील, मावशी हा किती मायेचा शब्द आहे, त्यातही तुम्हाला जात दिसते का? शब्द मायेचाच आहे. निवासातल्या आजींनी तिला मावशी म्हणावे, तिनेही त्यांना आई म्हणावे, त्यात कोणाचेच काही बिघडत नाही. पण मालकाने, एजन्सीने आणि पत्रकाने तिला मावशी म्हणणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे नाते जोडले जाते ते कराराची जागा भरायला. मावशीला ड्यूटीचे तास विचारता येत नाहीत. मावशीने पगारवाढ मागितली की ती ‘पैशाकडे बघणारी’ ठरते. मावशीला नियुक्तिपत्र कोण देतो? डॉक्टरांना काका आणि व्यवस्थापकांना मामा म्हणून त्यांचा पगार ‘घरातलाच’ धरल्याचे आम्ही अजून पाहिलेले नाही. नात्याचा शब्द फक्त खालच्या पायरीवरच पदाची जागा घेतो, यातच त्याचे राजकारण उघड होते.

सांगितले होते, पण लिहिले नव्हते

शहराच्या कडेच्या एका निवासातली गोष्ट. तिथे काम करणारी आमच्या वस्तीतली एक ताई, वय चाळिशीचे, आठवीपर्यंत शिकलेली. तिच्याकडे असलेल्या आजोबांची उजवी टाच लाल झाल्याचे तिने पाहिले आणि सुपरवायझरला सांगितले. दोन दिवसांनी परत सांगितले. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. दैनंदिन नोंदीचे रजिस्टर होते, पण त्यात लिहायचा अधिकार तिला नव्हता. ते सुपरवायझर ड्यूटी संपताना भरायचा आणि रोज ‘ठीक’ लिहायचा. टाचेची जखम झाली, चिघळली. मुलगा परदेशातून आला आणि भडकला. तिसऱ्या दिवशी ताईला ‘उद्यापासून येऊ नका’ असा निरोप मिळाला. त्या महिन्याच्या पत्रकात एवढेच आले : सेवेचा दर्जा उंचावण्यासाठी कर्मचाऱ्यांत आवश्यक ते बदल करण्यात आले आहेत.

राहिलेला पगार मागायला आम्ही तिच्याबरोबर गेलो. निवास म्हणाला, त्या एजन्सीच्या बाई. एजन्सी म्हणाली, निवासाने बिल अडवले. बऱ्याच फेऱ्यांनंतर एकोणीस दिवसांचे पैसे मिळाले. अनुभवाचा दाखला मात्र मिळाला नाही. तिथे काढलेली चार वर्षे कागदावर शून्य झाली आणि पुढच्या एजन्सीत तिने नवख्या बाईच्या दराने पुन्हा सुरुवात केली.

यात दोन माणसांचे नुकसान झाले, ताईचे आणि आजोबांचे. दोघांचे कारण एकच आहे. ज्या हातांना सगळ्यात आधी कळते, त्या हातांत पेन नाही. माहिती मावशीची, सही सुपरवायझरची. ज्ञानावर कोणाचा हक्क, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. तो फक्त वेदांपुरता कधीच नव्हता. रजिस्टरच्या एका ओळीवर कोणी लिहायचे, हा सुद्धा तोच प्रश्न आहे.

महारकीचा नवा पत्ता

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १८७४ च्या त्या कायद्याखाली महार हा सरकारी नोकर होता, पण त्याच्या नोकरीला तास नव्हते. रात्री-अपरात्री बोलावणे आले की जायचे. कामाची यादी नव्हती. पाटील-कुलकर्ण्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्या अंमलदारापर्यंत जो सांगेल ते करायचे. आणि तो स्वतः हजर नसेल तर त्याच्या जागी बापाने, भावाने, घरातल्या कोणीतरी राबायचे. मोबदला म्हणजे तुटपुंजे बलुते आणि इनामाचा तुकडा. अशा वतनाला कवटाळून राहणे म्हणजे गुलामीला कवटाळणे, हे बाबासाहेबांनी आपल्याच लोकांना पुन्हा पुन्हा बजावले. गावकीची कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

आता ‘चोवीस तासांची बाई’ या शब्दप्रयोगाकडे बघा. वृद्धसेवेच्या बाजारात तो सर्रास वापरला जातो. एजन्सीच्या दरपत्रकात दोन रकाने असतात, बारा तास आणि चोवीस तास. आठ तासांचा रकाना क्वचितच सापडतो. चोवीस तासांच्या बाईने झोपायचे ते पेशंटच्या खाटेशेजारी सतरंजीवर, आणि तेही हाक आली की उठायच्या तयारीने. कामाची यादी नाही : आजींचे करता करता खोलीची फरशी, बाथरूम, कपडे, भेटायला आलेल्या नातेवाइकांचा चहा. आणि रजा हवी असेल तर? ‘बदली माणूस दे, मग जा.’ मग धाकटी बहीण येते, सून येते, बारावीची परीक्षा संपलेली मुलगी येते.

तास ठरलेले नाहीत, काम ठरलेले नाही, मालक कोण ते ठरलेले नाही, आणि एकाची गैरहजेरी घरातल्या दुसऱ्याने भरायची. १९२८ सालच्या वर्णनात आणि या वर्णनात फरक काय राहिला? वतन कागदावरून गेले. चाकरीची रीत एजन्सीच्या वहीत जाऊन बसली.

याच बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री म्हणून आठ तासांच्या दिवसाचा आग्रह धरला. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले, त्याचा १९४८ साली कायदा झाला. त्या आठ तासांचा फायदा आज निवासाच्या ऑफिसात बसणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. खोलीत खाटेशेजारी बसलेल्या बाईला अजून मिळालेला नाही.

भरवणारे हात, पुसणारे हात

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, ही मांडणी तिथली. ती आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच भाषणातले तपशील आपण कमी वाचतो. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याला त्यांची थुंकी लागली तर इतरांना विटाळ होई. रेल्वेत त्यांना गँगमनच ठेवत. पोर्टर करत नसत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत. म्हणजे जात ही ‘कामगार’ या शब्दाच्या आत शिरून कोणी कशाला हात लावायचा ते ठरवत होती.

वृद्धनिवासात हाच तपशील उलट्या बाजूने दिसतो. इथे शरीराला हात लावणारे माणूस हवेच आहे, कारण मुलाला वेळ नाही आणि सुनेला किळस येते. मग मलमूत्र काढणारा हात कोणाचा आहे हे कोणी विचारत नाही. पण स्वयंपाकघराच्या दाराशी चौकशी सुरू होते. ‘स्वयंपाकाला घरंदाज, शाकाहारी बाई हवी’ याचा अर्थ काय, ते सांगणाऱ्यालाही कळतो आणि ऐकणाऱ्यालाही. २०१७ साली पुण्यात हवामान खात्यातल्या एका शास्त्रज्ञ बाईंनी, स्वयंपाकीण बाईने जात लपवून सोवळे मोडले, म्हणून पोलिसांत तक्रार केली होती. महाराष्ट्राने ते वर्तमानपत्रांत वाचले. ती स्वयंपाकीण बाई मराठा होती. म्हणजे विटाळाची वही उघडली की ती फक्त आपल्यापाशी थांबत नाही.

ज्या हाताने आजोबांना स्वच्छ केले, त्या हाताने त्यांना औषध दिलेले चालते, घास भरवलेला चालतो. पण त्याच हाताने सगळ्यांसाठी पोळी लाटलेली चालत नाही. साबणाने हात धुणे हा आरोग्याचा प्रश्न आहे आणि तो सोडवता येतो. पण आडनाव धुता येत नाही, म्हणून नेमणुकाच तशा होतात. नेमणुकांची ही वाटणी पत्रकात कधीच दिसत नाही, कारण पत्रकात नावेच नसतात. नाव आले की आडनाव येईल, आडनाव आले की कोण कुठे आहे ते एका नजरेत दिसेल. बिननावी ओळीचा व्यवस्थेला होणारा मोठा फायदा हा आहे.

सेवा : मनूची आणि बुद्धाची

या क्षेत्रात प्रत्येक कागदावर एक शब्द छापलेला असतो, ‘सेवा’. तो कोणत्या अर्थाने वापरला आहे, हे आपण विचारले पाहिजे. मनुस्मृतीत शूद्राला नेमून दिलेले कर्म एकच, वरच्या तीन वर्णांची कुरकुर न करता सेवा. जन्माने लादलेली, मोबदला न मागणारी, तोंड न उघडणारी. एजन्सीवाला जेव्हा म्हणतो, ‘ही सेवा आहे, यात हिशेब करायचा नसतो’, तेव्हा तो हाच अर्थ बोलत असतो. फक्त स्वतःचे कमिशन मात्र हिशेबाने घेतो.

दुसरा अर्थ विनयपिटकात आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. कोणी त्याच्याकडे बघत नव्हते, कारण तो कोणाच्या उपयोगी पडला नव्हता. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी मिळून उचलून त्याला खाटेवर ठेवले. मग त्यांनी संघाला बोलावून सांगितले की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचे केले पाहिजे. उपाध्यायाने शिष्याचे आणि शिष्याने उपाध्यायाचे.

धम्मात आजारी माणसाची घाण काढणे हे हलके काम नाही, ते खुद्द शास्त्याने केले आहे. पण ते कोणा एका जन्माच्या माणसांवर सोपवलेले नाही. ते सगळ्यांमध्ये वाटलेले आहे आणि ते करणाऱ्याला संघात सन्मान आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीमाईंनी १० मार्चला प्राण सोडला, तीही याच परंपरेतली सेवा. तेव्हा आपला विरोध सेवेला नाही. आपला विरोध आहे तो बिननावी, बिनतासांच्या, बिनआवाजाच्या सेवेला.

‘पण आमच्याकडे सगळ्या जातींच्या बायका आहेत’

हा आक्षेप येणारच, आणि तो खरा आहे. शुश्रूषेच्या कामात बौद्ध आहेत, मातंग आहेत, आदिवासी आहेत, ओबीसी आहेत, दुष्काळी तालुक्यांतून आलेल्या मराठा विधवा आहेत. पण त्यामुळे जात नाहीशी होत नाही. बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही पायऱ्या-पायऱ्यांची. काम ज्याच्या माथी शतकानुशतके मारले त्याच्या दर्जावरून कामाचा दर्जा ठरला. आता त्या कामात जो येईल त्याला तोच दर्जा आणि तोच पगार मिळतो. म्हणून ही लढाई त्या मराठा विधवेचीही आहे. तिला हे पटवणे हे आपले काम आहे.

दुसरा आक्षेप गरिबीचा. धर्मादाय वृद्धाश्रम देणग्यांवर चालतो, तो पगार कुठून वाढवणार? काही आश्रमांची ओढाताण खरी आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय करणारा आश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद आहे. ती पूर्ण करा म्हणून सरकारच्या मागे लागायला आपण आश्रमाबरोबर उभे राहू. पण नाव छापायला किती खर्च येतो? रजिस्टरमध्ये तिला लिहू द्यायला किती देणगी लागते? आणि ज्या निवासात लाखो रुपयांचे डिपॉझिट घेतात, तिथे हा आक्षेप तोंडातून निघालाच कसा?

तिसरा आक्षेप कौशल्याचा : या बायका अकुशल आहेत. याच महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि त्यात रुग्णसेवेची कामेही आहेत. जर्मन म्हाताऱ्याला कुशीवर वळवणे हे कौशल्य, आणि कोथरूडच्या म्हाताऱ्याला वळवणे हे ‘मावशीचे काम’, हे कसे?

आणि एक प्रश्न घरातला. आरक्षणामुळे बँकेत, रेल्वेत, एलआयसीत, महाविद्यालयांत गेलेली आपली पहिली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांची मुले पुण्या-मुंबईत, बंगळुरात, परदेशात आहेत. या आईवडिलांसाठीही बाई ठेवली जाते, निवासात खोली घेतली जाते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि त्या फोटोखाली चोवीस तासांची बाई सतरंजीवर झोपते. ती बहुधा आपल्याच वस्तीतली असते. तिला साप्ताहिक सुटी आहे का, हे त्या घरातल्या शिकलेल्या मुलाने विचारलेच पाहिजे.

पत्रकात काय हवे

तरुण कार्यकर्त्यांनी आपल्या भागातल्या निवासांकडे ही मागणी घेऊन जावे. आधी तिथल्या ताईंना विचारावे, त्यांच्या संमतीने जावे, त्यांची नोकरी धोक्यात येणार नाही अशा रीतीने जावे.

१. रुजू झालेल्या प्रत्येक शुश्रूषा कर्मचाऱ्याचे, तिची हरकत नसेल तर, पूर्ण नाव आणि पद छापावे. पद म्हणजे ‘शुश्रूषा सहायक’ असे काहीतरी. मावशी नव्हे.

२. काम सोडून गेलेल्यांचीही नोंद असावी, अनुभवाच्या दाखल्यासह. विसरभोळेपणाच्या आजारात रोजचा चेहरा अचानक नाहीसा झाला की म्हातारे माणूस घाबरते, जेवत नाही. कोण गेले हे कळणे हा त्या वृद्धाचा आणि त्याच्या घरच्यांचाही हक्क आहे.

३. पाळी किती तासांची, एका पाळीत एका व्यक्तीकडे किती वृद्ध, हे दर महिन्याला जाहीर करावे.

४. नेमणूक निवासाची की एजन्सीची, ते स्पष्ट लिहावे. ठरावीक संख्येपेक्षा जास्त कंत्राटी कामगार असतील तर कंत्राटदाराने बुडवलेली मजुरी मूळ मालकाने द्यायची, हे तत्त्व १९७० पासून कायद्यात आहे. नव्या श्रम संहितेत नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे.

५. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर ईएसआय आणि लैंगिक छळाविरोधातली अंतर्गत समिती, वीस असतील तर पीएफ. समितीच्या सदस्यांची नावे फलकावर हवीत. ईएसआयसाठी पगारातून ०.७५ टक्के कापले जात असतील तर कार्ड हातात आहे का, हे ताईंनी तपासावे.

६. दैनंदिन रजिस्टरमध्ये शुश्रूषा सहायकाला स्वतः लिहिण्याचा, आणि लिहिता येत नसेल तर सांगून लिहून घेऊन सही किंवा अंगठा करण्याचा अधिकार असावा.

आणि दोन कामे आपली. बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास टेबल टाका. वस्तीतल्या शुश्रूषेच्या कामाला जाणाऱ्या बायकांचे कागद तपासा, पगाराच्या तारखा लिहून ठेवा, जनरल ड्यूटी असिस्टंटच्या प्रशिक्षणाचा अर्ज भरून द्या. दुसरे, निवासात राहणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना भेटा. पत्रक त्यांच्यासाठी निघते, तेव्हा त्यातल्या कोऱ्या जागेबद्दल पहिला प्रश्न त्यांनी विचारला तर व्यवस्थापनाला उत्तर द्यावेच लागेल. त्यातल्या कित्येकांनी उमेदीत युनियन चालवली आहे, मोर्चे काढले आहेत. एक अर्ज लिहिणे त्यांना जड नाही.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, यातले संघटन ज्या बायकांपर्यंत सगळ्यात उशिरा पोचले त्या या आहेत, कारण त्या कारखान्यात एकत्र नसतात. एकेका खोलीत एकेका खाटेशेजारी विखुरलेल्या असतात. त्यांना एकमेकींची नावे तरी कळू द्या. संघटना तिथूनच सुरू होते.

जयभीम!